काचेतला कापूर

नगर-सोलापूर रस्त्याला पुन्हा पाट्या लागल्या. 'चुलीवरचं जेवण आणि हुरडा', 'हुरडा पार्टीचे बुकिंग सुरू', आणि मिरजगावच्या अलीकडं एका पाटीवर तर चक्क उंटाचं चित्र. उंटाचा नि हुरड्याचा काय संबंध, त्या पाटीवाल्यालाच ठाऊक. मी शनिवारी एसटीनं नगरहून गावी जाते आणि खिडकीतून या पाट्यांवर मनातल्या मनात चिडत बसते. आमच्याकडं हुरड्याला कुणी कधी बुकिंग केलं नाही. ज्वारीचा दाणा दुधाळ झाला की पाहुण्यांना निरोप जायचे, आणि निरोप गेला नाही तरी माणसं यायचीच.

यंदा मात्र पाटी दिसली आणि चिडायच्या आधीच एक बाटली आठवली. कॉलेजातल्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी बाटली आहे. बूच घट्ट बसवलेली, वरून टेप गुंडाळलेली. तिच्यात नखाएवढी एक काच आहे. त्या काचेवर मी बनवलेला एक पातळ थर आहे आणि त्या थरात माझ्या आईच्या कपाटातला कापूर अडकलेला आहे. किंवा होता. तो अजून आहे का, हे मला बघायचं होतं. आई गेल्यापासून दोन हिवाळे मी ते टाळलं होतं. बाटली उघडली आणि आत काहीच नसलं तर काय करायचं, हे मला ठरवता आलेलं नव्हतं.

आता हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर बाईला वेड लागलंय असं वाटायचं.

मी रसायनशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं मी धातू-सेंद्रिय जाळीच्या पातळ थरांवर संशोधन करत होते. हे नाव घेतलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि चहा मागवतो, म्हणून सोपं करून सांगते. तांब्याचे अणू घ्यायचे, त्यांना एका सेंद्रिय आम्लाच्या रेणूंनी एकमेकांना जोडत न्यायचं. तांबं म्हणजे गाठ आणि आम्ल म्हणजे दोन गाठींमधली काडी. अशी चहूबाजूंनी, वरखाली जाळी विणत गेली की मध्ये पोकळ खोल्याच खोल्या तयार होतात, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या. हवेतली वाफ, वास, जे काही आत मावेल ते त्या खोल्यांत जाऊन बसतं. मी हे काचेच्या तुकड्यावर करायची. काच तांब्याच्या द्रावणात बुडव, अल्कोहोलनं धू, आम्लाच्या द्रावणात बुडव, पुन्हा धू, पुन्हा तांब्यात. दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत काचेवर हिरवट निळी झाक यायची, मोरचुदाच्या पाण्याची असते तशी.

"मंग त्या खोल्यांत ठेवत्यात काय?" आईनं एकदा विचारलं होतं.

"जे येईल ते. पाणी, वास."

"वास ठिवायला घर बांधती व्हय गं तू?" ती इतकी हसली की भाकरी तव्यावर करपली. "करा बया, करा. कुनीतरी करायलाच पाहिजे."

त्या वर्षीचा हुरडा मला अंगभर आठवतो. थंडी अशी की सकाळी विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसायची आणि दुपारी उन्हात पाठ भाजायची. शाळू डोक्याएवढा वाढलेला. बांधाच्या कडेला खड्डा खणून दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, आगटी पेटवलेली. गोवऱ्यांचा निखारा, त्यात खुपसलेली कणसं, आणि सगळीकडं धूर. वारा पडला की धूर नेमका जो बसलाय त्याच्याच तोंडावर यायचा, मग तो उठून दुसरीकडं बसायचा, मग धूरही तिकडंच. आई कणीस काढायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोल उडवायची आणि हिरवेगार गरम दाणे आमच्या ओंजळीत ओतायची. तिचे हात पोळत कसे नाहीत, याचं मला लहानपणापासून कोडं. शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर ताक. कणीस तोडायच्या आधी ती दाणा नखानं दाबून बघायची. दूध आलं तर आज, नुसता ओलसर लागला तर उद्या त्याचं पीठच होणार. एकाच कणसात वरचे दाणे पुढं गेलेले आणि खालचे मागं राहिलेले, असंही असायचं. तेव्हा ती म्हणायची, "सगळं कनीस एकसारखं न्हाई बाई, दाना दाना बघाया लागतो."

तेव्हा मी तिला सांगितलं की माझं पुण्यातलं मशीनही तेच करतं. त्यात एक सुई असते, टोक इतकं बारीक की केसाच्या टोकावर तशी शेकड्यांनी मावतील. ती सुई थरावर टेकवायची आणि वरून अवरक्त प्रकाश सोडायचा, डोळ्यांना न दिसणारा, उबेचा. प्रत्येक रेणूला या प्रकाशातला आपापला ठरावीक रंग आवडतो. आवडता रंग मिळाला की तो रेणू प्रकाश पितो, तेवढी जागा गरम होते, किंचित फुगते आणि सुई उचलली जाते. सुई कुठल्या रंगाला उचलली, यावरून तिथं कोण बसलंय ते कळतं. साध्या मशीनला सगळ्या थराची मिळून एकच गोष्ट सांगता येते. हे मशीन थरातल्या स्फटिकाच्या एकेका दाण्याची वेगळी सांगतं.

"सुई टोचून बघती?"

"टोचत नाही गं, टेकवते."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली. जणू त्या थराला दुखलं असतं तर तिनं मला परवानगीच दिली नसती.

मशीन पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत होतं आणि त्यावरची वेळ मिळायला मी पावसाळ्यापासून मागं लागले होते. पावसाळ्यात तर मोजायचीच सोय नाही. हवा दमट, थर पाणी पिऊन बसतात आणि सुई नुसतं पाणी-पाणी ओरडते. कोरड्या थंडीतली वेळ मिळाली ती नेमकी हुरड्यात. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. ती वेळ वाया गेली तर प्रबंध लांबणार होता, आणि लांबलेला प्रबंध म्हणजे 'आता पुरे झालं शिक्षण' म्हणणाऱ्या सगळ्या पाहुण्यांच्या हातात कोलीत. आईनं त्या सगळ्यांना वर्षानुवर्षं एकटीनं परतवून लावलं होतं. "तिचं चाललंय, चालू द्या," एवढंच बोलायची आणि पुढचं ताट वाढायला घ्यायची. त्यामुळं माझं काम फसलं असतं तर तोंडघशी तीच पडली असती.

मी थर नगरला बनवले आणि डबी घेऊन तशीच गावी आले, दोन दिवसांनी इथूनच पुण्याला जायचं म्हणून. घर पाहुण्यांनी भरलेलं, पोरं कपाटांवर चढलेली. मी डबी फळीवर ठेवली. आई म्हणाली, "हे काय?"

"माझ्या काचा. नीट राहू दे हां, त्यांना सोन्याचा मुलामा आहे."

सुई टेकवायला खाली सोन्याचा थर लागतो, अगदी नावापुरता. पण मी 'सोनं' म्हणाले आणि तिथंच सगळं ठरलं. मी आगटीकडं गेले आणि मागं आईनं तिला जे योग्य वाटलं ते केलं.

आमच्याकडं सोनं उघडं ठेवत नाहीत. आई तिची बोरमाळ नि कुड्या खणात गुंडाळायची, चोळीच्या नव्या कोऱ्या खणात, आणि घडीत कापराच्या वड्या ठेवून कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवायची. किडा लागत नाही आणि लक्ष्मी प्रसन्न राहते, दोन्ही कामं एकदम. माझ्या डबीचंही तिनं तेच केलं. वरची घट्ट पिशवी काढली. आतली ओलावा शोषायची पुडी बाजूला केली, कारण तिच्यावर खाऊ नये असं लिहिलंय हे दादानं वाचून दाखवलं होतं, आणि सोन्यापाशी कुणी विष ठेवतं का? डबी खणात, वर कापूर, कप्प्याला कुलूप. निघायच्या दिवशी सकाळी पुडी-पिशवीसकट सगळं होतं तसं भरून माझ्या हातात दिलं. मला वास कसा आला नाही म्हणाल, तर माझ्या केसांना, ओढणीला, अगदी पर्सलासुद्धा आगटीच्या धुराचा असा वास मारत होता की एसटीत शेजारची बाई विचारायला लागली, "हुरडा वाटतं?"

पुण्यात सुई टेकवली आणि आलेखात एक शिखर उभं राहिलं जे तिथं असायला नको होतं. आमच्या मार्गदर्शक मॅडम चष्मा कपाळावर सारून पुढं वाकल्या. काही दाण्यांत ते शिखर उंच, काहींत अजिबात नाही. आम्हाला वाटलं, हा जाळीतला दोष सापडला. आम्लाची जी काडी एका टोकाला सुटी राहते, ती साधारण त्याच भागात दिसते. सुट्या काड्या नेमक्या कुठल्या दाण्यात आहेत, हे इतक्या बारीक नजरेनं दिसणं म्हणजे आमच्यासाठी दिवाळीच. मॅडम फक्त एवढं म्हणाल्या, "जरा जास्तच वर आलंय हे, सुमन. थोडं खाली असायला हवं होतं." वर-खाली म्हणजे उंचीनं नव्हे, रंगांच्या पट्टीवर. पण त्याही हसत होत्या. मी संस्थेच्या फाटकातूनच आईला फोन केला.

"झालं का गं काम?"

"झालं आई! लई भारी झालं!"

"व्हनारच," ती म्हणाली. "नीट ठिवल्यालं हुतं."

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. महिनाभर मी त्या शिखराच्या प्रेमात होते. आलेख काढले, पानंच्या पानं लिहिली, आरशासमोर बोलून बघितलं.

मग ज्वारीची काढणी झाली. मी गावी गेले. चुलतभावाच्या लग्नाला न्यायची साडी काढायला आईनं कपाट उघडलं, चोरकप्प्यातून खण काढला आणि हौसेनं माझ्यापुढं धरला. "ह्यो बघ. ह्याच्यात ठिवल्या हुत्या तुझ्या काचा. आता ह्यो खन मी कुनाला दिनार न्हाई, तुझ्या डॉक्टरकीचा हाय." घडी उलगडली आणि कापराचा तो थंड, तिखट दरवळ नाकात घुसला. मी तिथं खाटेवर बसले. कापराच्या रेणूत एक असा जोड असतो जो सुट्या काडीच्या जरासा वर दिसतो. जरासा वर. मॅडमचं वाक्य कानात वाजायला लागलं.

"काय झालं? चक्कर आली का?" आई पाणी आणायला धावली.

मी पाणी प्यायले आणि म्हणाले, ऊन लागलं. मनातून मात्र मी तिच्यावर इतकी चिडले होते की त्या खणाकडंही बघवेना. आणि तिच्या तोंडाकडं बघितलं की चिडताही येईना. रिकाम्या रानात जाऊन, कापलेल्या धाटांत उभी राहून मी मॅडमना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "किती वड्या होत्या?"

"मॅडम, तुम्ही रागवा ना."

"रागावते नंतर. आधी सांग, कापूर काही दाण्यांत गेला आणि काहींत गेला नाही, तो का?"

तिथून सगळं फिरलं. आम्ही ते थर निर्वात भट्टीत ऊब देऊन बघितले. कापूर उडाला, शिखर गेलं, जाळी शाबूत राहिली. म्हणजे चोर पक्का कळला. लिहिलेली पानं केराच्या टोपलीत गेली. मग नवे थर करून आम्ही मुद्दाम, मोजूनमापून, प्रयोगशाळेतल्या शुद्ध कापराची वाफ दिली आणि सुईला विचारत गेलो, कुणाच्या खोल्या उघड्या आणि कुणाची दारं बंद. मशीनची वेळ पुन्हा मिळवायला मॅडमनी कुणाकुणाचे पाय धरले ते त्यांनाच माहीत. प्रबंध लांबला, पाहुणे बोलले, आईनं ताटं वाढली. पण तो प्रबंध कापरावर उभा राहिला.

पहिल्या थरांपैकी एक काच मी भट्टीत घातली नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हटलं, तुलनेला असू दे. त्यांनी एक छोटी बाटली नि टेप माझ्यापुढं सरकवली.

आईला मी काहीच सांगणार नव्हते. पण तोंडी परीक्षेच्या दिवशी ती आणि दादा पुण्याला आले, शेवटच्या रांगेत बसले. मी पडद्यासमोर उभी राहून 'कॅम्फर, कॅम्फर' करत होते. इंग्रजीतलं बाकी काही तिला कळणं शक्य नव्हतं, पण दादानं शहाणपणा करून तिच्या कानात सांगितलं की कॅम्फर म्हणजे कापूर. परत येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. घोगरगावच्या पुढं आल्यावर हळूच म्हणाली, "सुमे, त्यो कापूर माझा हुता का?"

आता खोटं कसं बोलू? सगळं सांगितलं. चुकीचं शिखर, फाडलेली पानं, सगळं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, रडते की काय. मग माझ्याकडं वळली आणि खरोखरच्या रागानं म्हणाली, "आदी सांगायचं न्हाई का? मूठभर टाकला असता!"

शेजारचे, पुढचे, सगळे वळून बघायला लागले इतकी मी हसले. दादा तर सीटवरून घसरला. आईला कळेना आम्ही का हसतोय, आणि मग तीही हसायला लागली.

आई गेली त्याला आता तिसरा हिवाळा. पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेली. फार कुणाला काही करू दिलं नाही. शेत दादा बघतो, हुरडा अजून होतो, वहिनी दाणे चोळते आणि तिचे हात पोळतात. ती 'हाय हाय' करत फुंकर मारते तेव्हा मला बरंही वाटतं आणि वाईटही.

गेल्या शनिवारी मी आईचं कपाट उघडलं. चोरकप्प्यात खण होता, घडी तशीच. उलगडला. कापराच्या जागी काहीच नव्हतं, नुसता कागद. कापराचं हेच तर असतं, मागं डागसुद्धा ठेवत नाही. खण नाकाशी नेला तर लोखंडाचा नि जुन्या कापडाचा वास. मी तो कितीतरी वेळ हुंगत बसले. वहिनीनं दारातून बघितलं आणि ती पोरांना घेऊन बाहेर गेली.

सोमवारी मी मॅडमना फोन केला. त्या आता निवृत्तीला आल्यात. म्हणाल्या, "ये. मशीनची दुपारची वेळ रिकामी आहे."

पुण्याला जाताना बाटली मी पर्समध्ये न ठेवता मुठीत धरली होती. मॅडमनी समोर खुर्ची ओढली आणि स्पष्टच सांगितलं, की इतक्या वर्षांत हवेतल्या दमटपणानं जाळीच मोडली असेल. जाळी टिकली असली तरी पाण्यानं कापराला बाहेर ढकललं असेल. हे सगळं मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना बरं वाटत नाही.

"नसेल तर?" त्यांनी विचारलं.

"नसेल तर नाही," मी म्हटलं, आणि टेप सोलली.

सुई टेकली. पहिल्या दाण्यात काही नाही. शेजारच्यात पाण्याचं धुकं. नंतरच्यात जाळीच विस्कटलेली. मी सुई सरकवत गेले, दाणा दाणा बघत. मॅडमनी मध्येच चहा मागवला, तो निवला. डोळे भरून आल्यावर आलेख नीट दिसत नाही, म्हणून मी दोनदा थांबून तोंड धुऊन आले.

मग थराच्या मधोमध, चार मोठ्या दाण्यांच्या आडोशाला, एका छोट्या दाण्यावर सुई उचलली गेली. अगदी थोडी. जरासा वर, तिथंच. मी सुई उचलून पुन्हा टेकवली. पुन्हा तिथंच.

मॅडम चष्मा कपाळावर सारून पुढं वाकल्या. "मशीनच्या गोंगाटाच्या जेमतेम वर आहे, सुमन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पेपरात कुणी धरणार नाही हे."

"पण आहे ना?"

त्यांनी पुन्हा एकदा बघितलं. "आहे," त्या म्हणाल्या.

मी पडद्यावर बोट ठेवलं, त्या एवढ्याशा उंचवट्यावर, आणि मॅडम बसल्यात हे विसरून मोठ्यानं म्हणाले, "आई, मूठभर टाकायला पाहिजे होता गं."